वंचितांच्या बातमीदारीची पुण्यातली मुळं

देवदासी, भटके-विमुक्त, तृतीयपंथी, कचरावेचक बाया यांच्यावर पुण्यात आज कुणी पत्रकार वर्षानुवर्षं लिहीत असेल, तर 'वेगळा बीट', म्हणजे बातमीदारीचं वेगळं क्षेत्र, म्हणून त्याचं कौतुक होतं. पण हा बीट मोठ्या दैनिकांनी सुरू केलेला नाही. ज्यांचं दुःख होतं, त्यांनीच तो पदरमोड करून उभा केला.

१८७७ मध्ये भांबुर्ड्याच्या (आजचं शिवाजीनगर) कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' काढलं. 'केसरी' निघायला तेव्हा चार वर्षं अवकाश होता. सत्यशोधकांचं हे साप्ताहिक शेतकऱ्यांची गाऱ्हाणी मांडायचं. पुढे ते मुंबईला गेलं आणि कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी नावारूपाला आणलं.

मला मात्र खरा पाया 'सोमवंशीय मित्र' या मासिकाचा वाटतो. शिवराम जानबा कांबळे पुण्याच्या मॅसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. १९०३ मध्ये त्यांनी सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा भरवली आणि लष्कर-पोलिसांतल्या नोकऱ्यांसाठी सरकारकडे अर्ज केला. १९०८ मध्ये त्यांनी हे मासिक काढलं आणि खंडोबाला मुली वाहण्याच्या चालीवर त्यात कडाडून लिहिलं. ते वाचून शिवूबाई नावाच्या मुरळीने आपली कर्मकहाणी पत्रातून कळवली. आईबापांनी देवाला सोडलेल्या बाईने आपलं जिणं स्वतःच्या नावानिशी छापायला द्यावं, याला त्या काळी केवढं धाडस लागलं असेल! कांबळ्यांनी पत्र छापलं आणि १९०९ मध्ये त्यांचेच एक सहकारी, गणपतराव गायकवाड, यांनी तिच्याशी लग्न केलं.

त्यानंतरचा काळ बाबासाहेब आंबेडकरांच्या वृत्तपत्रांचा, तो बहुतेकांना ठाऊक आहे. पुण्यात पुढची ठिणगी पडली १५ ऑगस्ट १९७२ ला. स्वातंत्र्याच्या पंचविशीनिमित्त 'साधना' साप्ताहिकाने काढलेल्या, अनिल अवचटांनी संपादित केलेल्या विशेषांकात दलित पँथरच्या राजा ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. राष्ट्रगीताच्या अपमानाला तीनशे रुपये दंड आणि दलित स्त्रीच्या अब्रूला पन्नास, हा त्यांचा सवाल महाराष्ट्राला झोंबला.

पेशाने डॉक्टर असलेले अवचट हमालांच्या, निपाणीच्या तंबाखू कामगार बायांच्या घरी जाऊन बसत. मजुरी किती, खाणं काय, सावकाराचं देणं किती, हे विचारून साध्या बोलीत लिहीत. आज रिपोर्ताज, म्हणजे प्रत्यक्ष जाऊन-पाहून केलेलं वृत्तांतलेखन, म्हटलं की त्यांचं नाव निघतंच. कांबळ्यांचंही निघायला हवं, आणि शिवूबाईचं तर हवंच हवं.