राजकीय टॉक रेडिओ (अमेरिका)

अमेरिकेत एएम रेडिओवर एकच माणूस रोज तीन तास राजकारणावर बोलतो, नकला करतो, विरोधकांना टोमणे मारतो, मधेच श्रोत्यांचे फोन घेतो आणि लोक ते करमणूक म्हणून ऐकतात, असा हा प्रकार. बातम्यांशी याचा संबंध तसा कमीच.

याचं मूळ धंद्यात आहे. ७० च्या दशकात गाणी ऐकणारे चांगल्या आवाजासाठी एफएमकडे वळले आणि एएमवाले रिकामे बसले. त्यात वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू मांडा असं सांगणारा १९४९ चा फेअरनेस डॉक्ट्रिन हा नियम तिथल्या एफसीसीने (रेडिओ-टीव्हीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) १९८७ मध्ये काढून टाकला, मग काय, रान मोकळं!

१ ऑगस्ट १९८८ ला रश लिम्बॉ या उजव्या विचारांच्या होस्टचा शो देशभर सुरू झाला. हा मूळचा गाणी लावणारा डीजे, त्यामुळे टायमिंग, पॉज, कागद माइकजवळ चुरगाळणं असलं सगळं हातचं. स्टेशनला सुरुवातीला शो फुकट मिळायचा, बदल्यात जाहिरातीची काही मिनिटं द्यायची, म्हणून गावोगावच्या छोट्या स्टेशनांनी तो पटापट उचलला. दुपारी १२ ते ३ ची वेळ, म्हणजे ऐकणारे कोण तर ट्रकवाले, गाडीत फिरणारे सेल्समन, गॅरेजवाले, रिटायर झालेले; बहुतेक गोरे, पुरुष, चाळिशीच्या पुढचे. ९० च्या दशकात काही हॉटेलांनी तर जेवताना शो ऐकायला वेगळी 'रश रूम' ठेवली होती.

फोन करणारे म्हणजे श्रोते असं मात्र समजू नका. बहुसंख्य लोक आयुष्यात एकदाही फोन लावत नाहीत. जो लावतो त्याला आधी स्क्रीनर गाठतो, मुद्दा काय, बोलता येतं का ते बघतो, मग नाव-गाव-विषय होस्टच्या स्क्रीनवर येतो. फोन घेण्याचा हेतू होस्ट चमकावा हा, त्यामुळे रटाळ समर्थकापेक्षा चिडलेला विरोधक कधीकधी आधी आत घेतात. 'डिटो' म्हणून सुरुवात करणारे भक्त होतेच, त्यांना डिटोहेड म्हणायचे.

नुसती टाइमपास म्हणून सोडून द्यावी अशीही ही गोष्ट नाही. १९९४ मध्ये रिपब्लिकनांनी ४० वर्षांनी प्रतिनिधीगृह जिंकलं तेव्हा नव्या खासदारांनी लिम्बॉला मानद सदस्य करून घेतलं. आणि 'अहो, मी एंटरटेनर आहे' ही पळवाट अडचणीत आलं की कामाला येतेच. २०१२ मध्ये एका विद्यार्थिनीबद्दल घाणेरडं बोलल्यावर जाहिरातदार पळाले, तेव्हा मात्र त्याला माफी मागावी लागली.

डाव्यांनी २००४ मध्ये एअर अमेरिका हे स्वतःचं टॉक रेडिओ नेटवर्क काढलं, ते २०१० ला बंद पडलं. त्यांचा श्रोता आधीच एनपीआर (तिथला ना-नफा सार्वजनिक रेडिओ) ऐकत होता, आणि माझ्या मते त्यांना स्वतःच्या रागाची मजा घेता आली नाही. भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही, तेव्हा आपल्याकडे हा प्रकार रेडिओवर रुजलाच नाही, ती हौस टीव्हीच्या चर्चांवर भागते.

लिम्बॉ फेब्रुवारी २०२१ मध्ये गेला. त्याची १२ ते ३ ची जागा त्याच वर्षी क्ले ट्रॅव्हिस आणि बक सेक्स्टन या जोडीला दिली.