एचआयव्हीतलं विसरणं आणि अल्झायमरचं विसरणं

माझ्या मामांना एचआयव्ही आहे, गोळ्या बरीच वर्षं नीट चालू आहेत, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, टेस्टमध्ये सापडत नाही इतकं कमी. परवा घाबरून विचारलं, मला अल्झायमर होतोय का रे, कारण बोलताना शब्द सापडत नाही, हिशोबाला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो, दोन कामं एकदम जमत नाहीत.

खरं तर दोन्हीत विसरण्याची तऱ्हाच वेगळी असते. अल्झायमरमध्ये साधारणपणे नवीन आठवण मेंदूत साठतच नाही, त्यामुळे सकाळी कोण येऊन गेलं याची कितीही हिंट द्या, फारसा उपयोग होत नाही. एचआयव्हीत आठवण बहुतेक वेळा असते आत, पण बाहेर काढायला उशीर लागतो, आणि कुणी धागा दिला की लगेच "अरे हो" होतं.

एचआयव्हीतला हा त्रास चाचपायला २००५ साली एक छोटी चाचणी आली. चार शब्द सांगतात, कुत्रा, टोपी, घेवडा, लाल, आणि थोड्या वेळाने विचारतात. स्वतःहून आठवला तर एक मार्क, "प्राणी होता" असं सुचवल्यावर आठवला तर अर्धा. शिवाय पाच सेकंदांत बोटं किती भरभर आपटता येतात तेही बघतात, कारण विषाणूचा त्रास मेंदूच्या खोलवरच्या भागाला जास्त होतो आणि तिथून हालचालीचा वेग सांभाळला जातो. १२ पैकी १० किंवा कमी आले तर पुढची तपासणी, तेवढ्यावरून निदान करत नाहीत.

अल्झायमर हळूहळू वाढतच जातो. एचआयव्हीतला सौम्य त्रास गोळ्या नियमित असतील तर पुष्कळदा वर्षानुवर्षं तिथेच थांबतो, कधी सुधारतोही. सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, एकेकाळी फार खाली गेलेला असेल तर धोका जास्त. अर्थात उतारवयात दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून घरच्या घरी ठरवू नका.

आणि डिप्रेशन, थायरॉईड, बी१२ कमी, झोप नाही, दारू, यानेही डोकं असंच मंद होतं आणि यातलं बरंचसं दुरुस्त होतं. एचआयव्हीच्या जुन्या, एफाविरेन्झ हे औषध असलेल्या गोळीनेही काहींना चक्कर, विचित्र स्वप्नं, लक्ष न लागणं व्हायचं. पण गोळी मनाने बंद करायची नाही, एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या जिथे मिळतात तिथे, सांगायचं, आणि घरातल्या कुणाला तरी सोबत न्या, कारण बदल त्यांना आधी दिसतो.

दोन-चार दिवसांतच माणूस गोंधळला, सोबत ताप, जोराची डोकेदुखी किंवा फिट आली तर ते या दोन्हींपैकी नाही, मेंदूचं इन्फेक्शन असू शकतं, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.