पाळीव सशांचे पोटाचे विकार

पाळीव सशाचे आतडे मंदावणे किंवा थांबणे, पोटात वायू धरणे आणि हगवण लागणे, हे या विकारांचे मुख्य प्रकार. सातारा-सांगलीकडे हौसेने ससा पाळणाऱ्यांनी सर्वांत आधी त्याच्या लेंड्या बघायला शिकावे. निरोगी सशाच्या लेंड्या गोल, कोरड्या आणि एकसारख्या असतात. त्या बारीक झाल्या, केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या किंवा कमी पडू लागल्या, की आतडे मंदावल्याची ती पहिली खूण. ससा कोपऱ्यात पाठ कमानीसारखी करून बसतो, दात करकरतो आणि आवडता पालाही हुंगून सोडतो. दहा-बारा तास खाणे आणि लेंडी दोन्ही बंद असेल तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डॉक्टर गाठावा.

सशाला उलटी होत नाही. पोटात गेलेले पुढेच सरकावे लागते. ते सरकवण्याचे काम गवतातला चोथा करतो. बारीक झालेला चारा मोठ्या अंधनालात, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच्या पिशवीत, जातो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून मऊ, चिकट, द्राक्षाच्या घडासारखी विष्ठा तयार होते. ससा ती थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. हे घाण म्हणून थांबवू नये. त्याला लागणारी काही जीवनसत्त्वे आणि प्रथिने त्यातूनच मिळतात.

म्हणून आहाराचा सुमारे 80 टक्के भाग वाळलेले गवत हवा. दातही आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. मारवेल, हराळी चालते. माण-खटावच्या माळावरचे कुसळी गवत कुसळे पिकण्याआधी कापलेले असावे, नाहीतर ती तोंडात रुततात. लसूणघास पिल्लांना ठीक. मोठ्या सशाला त्यातले कॅल्शियम जास्त होते. तासगावकडे हाताशी असतात म्हणून बेदाणे, तसेच गूळ, बिस्किटे, पोळी देणे हे मात्र प्रेमाने केलेले नुकसान आहे. साखर आणि पिठामुळे अंधनालातले जिवाणू बिघडतात. द्राक्षबागेतला पाला फवारणीचा असतो, तो देऊच नये.

उन्हाळाही आतडे थांबवतो. साधारण 30 अंशांपुढे सशाला उष्णतेचा त्रास होऊ लागतो आणि सांगलीत एप्रिल-मे तर त्याहून कडक. सावली, ओलसर पोते आणि सतत पाणी हवे. पावसाळ्यात ओल्या पिंजऱ्यात पिल्लांना कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची हगवण लागते. पिल्लाची पातळ हगवण काही तासांत जीव घेऊ शकते.

डॉक्टर वेदनाशामक, सलाइन आणि गरज असेल तर आतड्याची हालचाल वाढवणारे औषध देतात. पोट ढोलासारखे ताणलेले असेल तर जबरदस्तीने भरवू नये. अडथळा असला तर पोट फुटू शकते. अंग गार पडले असेल तर आधी ऊब द्यावी. सशाचे नेहमीचे तापमान 38.5 ते 40 अंश असते. घरातले अँटिबायोटिक कधीही देऊ नये. अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन तोंडावाटे गेले, तर उपयोगी जिवाणू मरून घातक जिवाणू माजतात आणि ससा दगावतो. गाई-म्हशींचे डॉक्टर गावोगाव भेटतात, पण सशाची सवय सगळ्यांना नसते. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ससा घरी आणतानाच सशांची सवय असलेला डॉक्टर शोधून त्याचा नंबर लिहून ठेवावा.