पेशंटच्या आधी बाहुली: नर्सिंगचं सिम्युलेशन ट्रेनिंग कसं चालतं

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशकातच, दिंडोरी रोडला म्हसरूळला, पण नर्सिंगची मुलंमुली पेशंटला हात लावायच्या आधी काय शिकतात हे आपल्यापैकी फार कमी जणांना माहितीये. पूर्वी सरळ वॉर्डात पाठवायचे, सिनियर सिस्टर करतायत ते बघ आणि मग तू कर. आता इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या 2021 च्या बीएस्सी सिलॅबसमध्ये स्किल लॅब आणि सिम्युलेशन, म्हणजे बाहुलीवर किंवा खोट्या पेशंटवरचा सराव, धरलंय, आणि ते फार चांगलं झालं.

बाहुलीवर शिकणं तसं जुनंच. 1911 मध्ये अमेरिकेत हार्टफर्डच्या नर्सिंग स्कूलसाठी मिसेस चेस नावाची माणसाएवढी बाहुली बनवली होती. आजच्या मॅनिकिनला, म्हणजे सरावाच्या बाहुलीला, नाडी लागते, सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं) देताना छाती 5 ते 6 सेंमी दबतेय का, मिनिटाला 100 ते 120 चा स्पीड राहतोय का हे लगेच स्क्रीनवर दिसतं.

मला सगळ्यात पटतो तो डिलिव्हरीनंतरच्या रक्तस्रावाचा सराव. यात शिकवणाऱ्या मॅडमच पोटाला मॉडेल बांधून पेशंट होतात, बाळ बाहेर येतं, सगळ्या खूश, आणि तेवढ्यात मॅडम गुपचूप लाल पाणी सोडतात आणि म्हणतात, "सिस्टर, मला गरगरतंय हो." गर्भाशय आवळलं नाही की रक्त थांबत नाही हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण पोटावर हात ठेवल्यावर ते मऊ लागतंय की कडक हे हातालाच समजावं लागतं. मग मसाज, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन, सलाईन, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड असं सगळं भराभर, आणि त्यात कोणीतरी रक्त मोजायचं, कारण नुसत्या नजरेचा अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो आणि 500 मिलीच्या वर गेलं की धोका सुरू.

खरं शिकणं मात्र नंतर, सगळ्या गोल करून बसतात तेव्हा. त्याला डीब्रीफिंग म्हणतात. कोणी रागवायचं नाही, काय झालं ते फक्त उलगडायचं. "ऑक्सिटोसिन द्या" असं कोणीतरी ओरडलं होतं, पण कोणाला? दोघींनाही वाटलं दुसरी देतेय. म्हणून नाव घेऊन सांगायचं, आणि जिला सांगितलं तिने "ऑक्सिटोसिन 10 युनिट, दिलं" असं मोठ्याने परत बोलायचं.

अमेरिकेत नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय कौन्सिलने 2014 मध्ये मोठा अभ्यास छापला, त्यात वॉर्डातले निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनला दिले तरी विद्यार्थी कुठे कमी पडले नाहीत, फक्त शिकवणारे तयारीचे हवेत आणि डीब्रीफिंग नीट व्हायला हवं. म्हणजे लाखोंची मॅनिकिन आणून कपाटात कुलूपबंद ठेवण्यापेक्षा आधी शिकवणाऱ्यांना ट्रेनिंग द्या.

आणि 2027 चा सिंहस्थ समोर आहे. घाटावरच्या गर्दीत ज्यांची ड्यूटी एकत्र लागणारे त्या सिस्टर, डॉक्टर, वॉर्डबॉय, 108 चे ड्रायव्हर या सगळ्यांचा सराव एकत्रच व्हायला हवा, कारण नाव घेऊन सांगायचं तर एकमेकांची नावं आधी माहिती पाहिजेत.