सेकंदाला नऊ लिटर हवा

कोथरूडला आत्याच्या हॉलमध्ये सुतारकाकांनी बनवलेलं टीव्ही युनिट आहे. टीव्हीच्या बरोबर खाली एक कप्पा आहे, ६० सेंटिमीटर रुंद, ४० खोल, २० उंच, पुढे काचेचं सरकतं दार. तो सेट-टॉप बॉक्ससाठी केलेला. आता आत्याला तिथे कॉम्प्युटर हवा होता. संध्याकाळी मोठ्या पडद्यावर सिनेमे बघायचे आणि रात्री आतोबांच्या मैफली ऐकायच्या. आतोबा रेडिओशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून आकाशवाणीवरची गाणी कॅसेटवर उतरवून घ्यायचे. त्या सगळ्या कॅसेट आम्ही गेल्या वर्षी हार्डडिस्कवर घेतल्या.

"अरे, छोटंसं कॅबिनेट घे. कप्प्यात बसलं पाहिजे आणि दार लावलं की दिसता कामा नये," आत्या म्हणाली.

पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत, गेलो तर तिथेही पहिला प्रश्न हाच, "केवढ्या जागेत बसवायचंय?" माप विचारणं चुकीचं नाही. पण कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यात बसतात तो डबा, हा फक्त सामान ठेवायचा डबा नसतो. आत हवा कुठून येईल, कशावरून वाहील आणि कुठून बाहेर पडेल, याचा तो नकाशा असतो. डबा जितका लहान, तितका तो नकाशा जास्त विचार करून काढावा लागतो.

यामागचं भौतिकशास्त्र साधं आहे. कॉम्प्युटर भिंतीतून जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते. १०० वॉट घेणारा कॉम्प्युटर म्हणजे १०० वॉटचा हीटर. ही उष्णता बाहेर नेण्याचं काम हवेचं, आणि हवा हा फार हलका हमाल आहे. एक किलो हवा एक अंशाने तापवायला सुमारे १००० ज्यूल लागतात, पण पुण्यात एक किलो हवा गोळा करायची तर ९०० लिटरपेक्षा जास्त जागा लागते. गणित केलं तर असं दिसतं, की आत शिरणारी आणि बाहेर पडणारी हवा यांच्यातला फरक १० अंशांवर ठेवायचा असेल, तर १०० वॉटसाठी दर सेकंदाला साधारण नऊ लिटर हवा आरपार जायला हवी. दोन सेकंदांत एक मोठी बादली. घरगुती सिनेमासाठीची लहान कॅबिनेटं सात-आठ लिटरची असतात, म्हणजे आतली सगळी हवा सेकंदाच्या आत बदलायला हवी!

अर्थात सिनेमा बघताना १०० वॉट लागत नाहीत. आजच्या प्रोसेसरमध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपचा एक कोपराच राखून ठेवलेला असतो आणि तो हे काम अगदी कमी विजेत करतो. म्हणून या कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते खर्च वाढवतं, उष्णता वाढवतं आणि कॅबिनेटचं आकारमान दुप्पट करतं. साधा प्रोसेसर घेतला, तर फोर-के सिनेमा चालू असताना सगळं मिळून ३० वॉटच्या आसपास काम भागतं. मग सेकंदाला तीन लिटरही पुरतात.

पण ती तीन लिटर हवा येणार कुठून? आत्याच्या कप्प्यात एकूण ४८ लिटर हवा मावते. तिचं वजन जेमतेम ५२ ग्रॅम. ती एक अंशाने तापवायला ५३ ज्यूल पुरेत, आणि आपला यंत्रोबा दर सेकंदाला ३० ज्यूल ओततो. म्हणजे दार बंद असेल आणि लाकडाने काहीच शोषलं नाही, तर दोन सेकंदांच्या आत एक अंश. प्रत्यक्षात प्लायवूड आणि काच बरीच उष्णता पितात, फटींतून थोडी हवा झिरपते, म्हणून काही मिनिटं लागतात. पण प्लायवूड उष्णता फार हळू पुढे पाठवतं, त्यामुळे शेवट तोच होतो. कॅबिनेटचा पंखा स्वतःच बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा आत ओढू लागतो. कॅबिनेट कितीही चांगलं असलं तरी बंद कप्प्यात ते हताश असतं.

पुण्याचे दोन मुद्देही इथे लागू होतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. तेवढीच उष्णता न्यायला तेवढी जास्त हवा फिरवावी लागते. हा फरक किरकोळ आहे. दुसरा मात्र किरकोळ नाही. एप्रिल-मेमध्ये शिवाजीनगरचा पारा चाळिशीच्या आसपास असतो, तेव्हा दुपारी बंद हॉलमध्ये ३५-३६ अंश सहज होतात. त्यावर कप्प्याचे १०, कॅबिनेटचे १०, आणि मग चिप आणि तिच्याभोवतीची हवा यांच्यातला फरक. जानेवारीत कुरकूर न करणारा कॉम्प्युटर मेमध्ये १०० अंशांकडे सरकतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. चित्र अडखळतं ते त्यामुळे. शिवाय मदरबोर्डवरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवरच्या, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचं (वीज क्षणभर साठवणाऱ्या भागांचं) आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे.

मापांचं थोडक्यात सांगतो. नेहमीचा एटीएक्स मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा. मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४. आणि तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये आणलेला मिनी आयटीएक्स १७० बाय १७०, म्हणजे जेवणाच्या ताटापेक्षाही लहान. कप्प्यासाठी मिनी आयटीएक्सच घ्यावा. मात्र कॅबिनेटचं बाहेरचं माप बघून हुरळून जाऊ नका. आत प्रोसेसरच्या डोक्यावर किती उंची उरते ते आधी बघा. बुटक्या कॅबिनेटमध्ये ती चार-पाच सेंटिमीटरच असते आणि तेवढ्यात हीटसिंक (चिपची उष्णता पसरवणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) आणि पंखा दोन्ही बसवायचे असतात. पंखा झाकणाच्या जाळीला जवळजवळ टेकत असेल तर तो बाहेरची ताजी हवा थेट ओढतो. मध्ये दोन सेंटिमीटरची पोकळी राहिली तर आतलीच गरम हवा गोल फिरत राहते. ती पोकळी फोमच्या चौकटीने बंद केली तर फरक पडतो. जाळीची भोकं मोठी आणि पत्रा कमी असावा. नुसत्या शोभेच्या चिरा असलेली कॅबिनेटं मी हातातही धरत नाही.

एसएमपीएसकडे, म्हणजे भिंतीतली वीज बदलून कॉम्प्युटरला देणाऱ्या भागाकडे, बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. सर्वांत बुटक्या कॅबिनेटांत ४० मिलिमीटर जाडीचा एसएमपीएस आणि त्यात ४० मिलिमीटरचा चिमुकला पंखा असतो. दिवाणखान्यात हा पंखा नको. त्याऐवजी लॅपटॉपसारखा बाहेरचा अॅडॉप्टर असलेलं कॅबिनेट मिळत असेल तर ते उत्तम, कारण वीज बदलताना होणारी उष्णता डब्याबाहेरच राहते. आणि ३० वॉटच्या कामाला ६०० वॉटचा एसएमपीएस लावू नका. इतक्या कमी भाराला त्याची कार्यक्षमता घसरते आणि घसरलेली सगळी वीज उष्णता होते.

आता आवाजाबद्दल. माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाचं कारण तेच आहे.

एकाच घडणीचे दोन पंखे घेतले, तर किती हवा ढकलली जाईल हे वेगाच्या प्रमाणात आणि व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलतं. १२० मिलिमीटरचा पंखा ८० मिलिमीटरच्या पंख्याइतकीच हवा साधारण ३.४ पट कमी फेऱ्यांत देतो. ४० च्या पंख्याशी तुलना केली तर २७ पट! आणि पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज जवळपास अर्धा वाटतो, म्हणजे हा फरक केवढा मोठा आहे बघा. शिवाय लहान पंख्याच्या आवाजाची पट्टीही वरची असते. सात पात्यांचा पंखा मिनिटाला ५००० फेऱ्या घेत असेल तर पाती सेकंदाला ५८३ वेळा हवा कापतात. तीच पाती ७०० फेऱ्यांना फक्त ८२ वेळा कापतात, आणि एवढ्या खालच्या आवाजाला आपला कान बराच बहिरा असतो. म्हणून मोठा पंखा मावत असेल तर एक-दोन लिटर जागा जास्त द्यावी. डब्याची उंची पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही. शीळ मात्र रोज ऐकू येते.

उन्हाळ्यात हे कळत नाही. डोक्यावर छताचा पंखा गरगरत असतो आणि त्याखाली कॉम्प्युटरचा आवाज झाकून जातो. नोव्हेंबर उजाडला, छताचा पंखा बंद झाला, रहदारी थांबली, की मग खोलीतली शांतता ३० डेसिबलच्या आसपास येते आणि टीव्हीखालून सूं सूं सुरू होतं. संगीत ऐकणाऱ्याचं यात जास्त नुकसान होतं. तंबोऱ्याची जवारी म्हणजे मूळ स्वरावर चढलेली बारीक-बारीक वरच्या स्वरांशांची झिलई. हे स्वरांश अगदी क्षीण असतात, आणि पंख्याच्या घोंगावण्याखाली पहिल्यांदा तेच बुडतात. गाणं ऐकू येतं, तंबोरा उरत नाही.

आत्याकडे पहिल्या आठवड्यात वेगळीच तक्रार आली. "हा डबा एकाच सुरात गुणगुणतो रे. तंबोऱ्याशी भांडतो तो." मी कप्प्याच्या फळीवर तळहात टेकवला तर फळी बारीक थरथरत होती. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणारी हार्डडिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, आणि तिचा किंचित असमतोल १२० हर्ट्झचा कंप होऊन कॅबिनेटच्या पायांतून फळीत उतरतो. एकटी डिस्क हातात धरली तर जेमतेम ऐकू येते. पण तंबोऱ्याची तार भोपळ्याविना जशी दुबळी आणि भोपळ्यासह भरदार, तसा या फळीने त्या कंपाला भोपळा दिला होता. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, षड्ज धरला तर १२० हर्ट्झ हा मंद्र कोमल निषादाच्या किंचित खाली पडतो. आत्या लावत होती त्या मैफलीची पट्टी नेमकी काळी एक होती. तिचा कान चुकत नव्हता.

डिस्कच्या स्क्रूंखाली रबरी वॉशर घातले, कॅबिनेटला मऊ रबराचे पाय लावले, आणि आवाज थांबला. नवीन कॅबिनेट घेताना डिस्क थेट पत्र्याला आवळली जाते की रबरावर बसते, हे मी आता झाकण उघडून बघतो. चालू वापराचं सगळं एसएसडीवर, म्हणजे फिरता भागच नसलेल्या डिस्कवर, ठेवून मोठी डिस्क दुसऱ्या खोलीत नेटवर्कवर ठेवता आली तर त्याहून बरं.

धूळ हा पुण्याचा कायमचा पाहुणा. पण हॉलला लागून स्वयंपाकघर असेल तर नुसती धूळ येत नाही, फोडणीच्या तेलाची वाफ तिच्यात मिसळते आणि हीटसिंकच्या पात्यांवर चिकट थर बसतो. तो फुंकून निघत नाही. म्हणून आत घेणाऱ्या पंख्यापुढे काढून धुता येईल अशी जाळी असावी, आणि हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्यांपेक्षा आत घेणाऱ्यांचा जोर थोडा जास्त असावा. मग फटींतून हवा बाहेरच येते आणि धूळ जाळीवर अडकते. जाळी समोरून निघत असेल तर दर महिन्याला धुतली जाते. ती काढायला आठ स्क्रू फिरवावे लागत असतील तर दिवाळीपर्यंत कोणी बघत नाही.

पंखाच नसलेली कॅबिनेटंही मिळतात. चिपवरून उष्णतानळ्या निघतात आणि बाजूच्या जाड अॅल्युमिनियमच्या पात्यांना भिडतात. नळीत थोडंसं पाणी असतं. ते गरम टोकाला वाफ होतं, थंड टोकाला पुन्हा पाणी होतं आणि परत येतं. यात आवाज शून्य. मला ही कल्पना फार आवडते, पण त्या पात्यांभोवती मोकळी हवा लागते. उघड्या टेबलावर ती शोभतात. आत्याच्या कप्प्यात नाही.

धातूच्या डब्याचा आणखी एक स्वभाव म्हणजे तो रेडिओलहरी अडवतो. वायफायचा अँटेना बाहेर निघाला पाहिजे. बिनतारी कीबोर्डचा रिसीव्हर यूएसबी ३ च्या पोर्टला खेटून लावला तर अक्षरं गळतात, कारण त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच सांडतो. हातभर लांबीची वायर लावून रिसीव्हर पुढे आणला की काम होतं.

शेवटी साडेआठ लिटरचं आडवं कॅबिनेट ठेवलं. वरच्या जाळीला भिडणारा प्रोसेसरचा पंखा, बाजूने हवा घेणारा एक सावकाश पंखा आणि बाहेरचा अॅडॉप्टर. पण खरं काम सुतारकाकांनी केलं. "काच काढली तर आत्याबाईंना चालेल का?" त्यांनी मला हळूच विचारलं. काचेच्या जागी त्यांनी वेताच्या जाळीचं दार बसवलं, आणि कप्प्याच्या पाठीला वरच्या कोपऱ्यात गोल करवतीने १२ सेंटिमीटरचं भोक पाडलं. गरम हवा वर चढते, पाठीमागच्या फटीतून निघून जाते आणि तिच्या जागी वेतातून थंड हवा आत येते. दार लावल्यावर डबा दिसत नाही. रिमोटचे अवरक्त किरणही त्या विणीतून पोचतात.

जानेवारीतल्या एका रात्री आत्याने एक जुनी कॅसेट लावली. तंबोरे सुरू झाले, आणि त्यांच्या मागे अगदी बारीक टिकटिक होती. आत्याने आवाज वाढवला, पुढे सरकून बसली.

"हे आपल्या नारायण पेठेतल्या घड्याळाचं आहे," ती म्हणाली. "रेडिओच्या वरच टांगलेलं होतं."