पेटवणं सोपं, थांबवणं अवघड

मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन हे हलके हायड्रोकार्बन आपण बहुतेक वेळा सरळ जाळून टाकतो. रसायन उद्योगाला मात्र त्यांच्यापासून प्लॅस्टिक, रेझिन, धागे यांचा कच्चा माल हवा असतो. त्यासाठी अनेकदा ऑक्सिजनच लागतो, पण बेताचा. घोडं अडतं ते इथे.

मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे 439 किलोज्यूल ऊर्जा लागते. मिथेनॉलमधला तसाच बंध 402 किलोज्यूलच्या आसपास तुटतो. म्हणजे मिथेनला हलवण्याइतकी उष्णता दिली, की नुकतंच तयार झालेलं मिथेनॉल त्याच्याआधी जळणार. शेवटी हाती येतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी.

मग ऑक्सिजनच मोजूनमापून दिला तर? काही धातूंची ऑक्साइडं उत्प्रेरक म्हणून, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया घडवून, हे जमवतात. व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम यांसारखे धातू आपली संयुजा सहज बदलतात, त्यामुळे त्यांचं ऑक्साइड स्वतःच्या स्फटिकजाळीतला ऑक्सिजन हायड्रोकार्बनला उसना देतं आणि रिकामी झालेली जागा नंतर हवेतून भरून काढतं. मार्स आणि व्हान क्रेव्हेलेन या संशोधकांनी 1954 मध्ये ही उसनवारी गणितात मांडली.

तिचा पुरावा फार देखणा आहे. बिस्मथ मॉलिब्डेट या ऑक्साइडवर प्रोपिलीन या हायड्रोकार्बनपासून अ‍ॅक्रोलिन हे ऑक्सिजनयुक्त रसायन बनतं. तिथे हवेऐवजी ऑक्सिजन-18 हा जड समस्थानिक सोडला, तरी सुरुवातीच्या अ‍ॅक्रोलिनमध्ये जवळपास सगळा साधा ऑक्सिजन-16च सापडला. तो आला उत्प्रेरकाच्या पोटातून, अगदी पृष्ठभागाखालच्या थरांतूनसुद्धा! याच कुळातल्या उत्प्रेरकावर अमेरिकेतल्या सोहायो कंपनीने 1960 मध्ये अमोनियाच्या जोडीने अ‍ॅक्रिलोनायट्राइल काढायला सुरुवात केली. अ‍ॅक्रिलिक लोकर त्यातूनच येते.

माझ्या मते या क्षेत्रातला खरा चमत्कार ब्युटेनचा आहे. व्हॅनेडियम-फॉस्फरस ऑक्साइडवर सुमारे 400 अंश सेल्सिअसला ब्युटेनचं थेट मॅलेइक अनहायड्राइड हा रेझिनचा कच्चा माल होतो. एका रेणूतून आठ हायड्रोजन काढायचे, तीन ऑक्सिजन बसवायचे, कडी जुळवायची, आणि हे सगळं एकाच पृष्ठभागावर. वाटेत कुठेही पाय घसरला तर थेट कार्बन मोनॉक्साइड किंवा डायऑक्साइड. तरीही अभिक्रिया झालेल्या ब्युटेनपैकी दोनतृतीयांशाच्या आसपास योग्य ठिकाणी पोहोचतं. पूर्वी हेच रसायन बेंझिनपासून बनवत. त्यात सहापैकी दोन कार्बन अणू फुकट जात, शिवाय बेंझिन कर्करोगकारक.

ड्युपॉंट कंपनीने 1990च्या दशकात स्पेनमध्ये उसनवारीचे दोन्ही व्यवहार वेगळेच करून टाकले. एका नळीत उत्प्रेरकाने ब्युटेनला ऑक्सिजन द्यायचा, मग वाहत दुसऱ्या पात्रात जाऊन हवेतून तो परत घ्यायचा. एवढ्या धावपळीत उत्प्रेरकाचे कण झिजून भुगा होऊ नये म्हणून त्यांना सिलिकाचं कवच दिलं होतं.

मिथेनने मात्र अजून दाद दिलेली नाही. 1982 मध्ये केलर आणि भसीन या संशोधकांनी दोन मिथेन जोडून इथिलीन मिळवण्याची वाट दाखवली. त्यानंतर असंख्य ऑक्साइडं तपासून झाली, पण एका फेरीतलं उत्पादन साधारण 25-30 टक्क्यांपाशीच घुटमळतं. कारण 800 अंशांच्या आसपास ऑक्साइड मिथेनचा एक हायड्रोजन काढून घेतं आणि उरलेला मेथिल मूलक (एक बंध मोकळा राहिलेला मिथेनचा तुकडा) पृष्ठभाग सोडून वायूत निसटतो. तिथे त्याला जोडीदार भेटतो की ऑक्सिजन, यावर उत्प्रेरकाचा फारसा ताबा उरत नाही.