तळ्यातली कोळंबी: भाव कसा ठरतो आणि वाद कशाचा आहे

“ही समुद्राची की तळ्यातली?” हे गिऱ्हाईक रोज विचारतात, आणि विचारायलाच हवं. आमच्या प्रत्येक ट्रेवर तसं लिहिलेलं असतं. ‘व्हेनामी’ लिहिलेली कोळंबी तळ्यातली. ती मूळची लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याची. २००९ पासून भारतात तिची शेती रुजली.

काउंट आणि भाव

किलोत जितके नग बसतात, तो काउंट. १०० काउंटचा नग साधारण १० ग्रॅमचा, ३० काउंटचा ३३ ग्रॅमचा. शेतकऱ्याचा निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावर होतो. शिवाय बीज (तळ्यात सोडायची कोळंबीची पिल्लं) आणि पाण्यात हवा खेळवणाऱ्या एरेटरचं वीजबिल. नग मोठा करायचा तर माल आणखी काही आठवडे तळ्यात ठेवावा लागतो. तेवढ्यात कोळंबी मारणाऱ्या व्हाइट स्पॉट रोगाचा विषाणू शिरला तर काही दिवसांत तळं रिकामं होतं. म्हणून रोगाची कुणकुण लागताच १०० काउंटलाच जाळं टाकतात. बारीक कोळंबी एकाएकी स्वस्त होते ती पुष्कळदा यामुळे. (हा विषाणू माणसाला बाधत नाही.)

भारतातली बहुतेक व्हेनामी आंध्रात पिकते आणि परदेशी जाते. सर्वांत मोठा खरेदीदार अमेरिका. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर गेलं आणि त्याचा फटका थेट तळ्यावरच्या भावाला बसला.

वाद

तळ्यातल्या कोळंबीवरून झालेला वाद खरा होता, आणि आम्ही तो लपवणार नाही. १९९० नंतर तामिळनाडू आणि आंध्रच्या किनाऱ्यावर भातशेतीला खेटून खाऱ्या पाण्याची तळी खोदली गेली. विहिरी खारट झाल्या, तिवरं तुटली, तळ्यांचं घाण पाणी खाडीत गेलं, मच्छीमारांच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटा अडल्या. कोळंबी परदेशी गेली आणि पिण्याचं पाणी गावाचं गेलं. गांधीवादी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातली (म्हणजे बांधकामावर बंधनं असलेल्या किनारपट्टीतली), पारंपरिक सोडून बाकीची तळी काढून टाकायला सांगितलं. पारंपरिक म्हणजे काय ते गोव्याच्या खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, दिसतं: पावसाळ्यात भात, आणि एरवी भरतीबरोबर आत आलेली कोळंबी मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी जाळं लावून धरायची. २००५ मध्ये संसदेने कायदा केला, किनारी मत्स्यशेतीसाठी प्राधिकरण आलं आणि नोंदणी सक्तीची झाली. आमच्या मते नोंदणी ही फक्त सुरुवात आहे. तळ्यातलं पाणी कुठे सोडतात, हे आम्ही माल घेण्याआधी तळ्यावर जाऊन बघतो.

तरी एक प्रश्न उरतोच. कोळंबीच्या खाद्यात तारलीसारख्या लहान मासळीची कुटी असते, म्हणजे तळ्याचा भार समुद्रावर पडतोच. पण समुद्राची कोळंबीही निर्दोष नाही: ट्रॉलरच्या जाळ्यात तिच्याबरोबर कितीतरी मासळीची पिल्लं येतात.

औषधं

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, तरी घाबरून ती टाकणारे आहेत. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांच्यावर बंदी आहे. आमच्या प्रत्येक खेपेचा प्रयोगशाळेचा अहवाल काउंटरवर असतो. मागून घ्या, वाचा.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत आमच्याकडे फक्त तळ्यातली कोळंबी मिळेल. लहान होड्यांची थोडी आवक सोडली, तर त्या दिवसांत ‘समुद्राची ताजी’ म्हणून मिळणारी कोळंबी कुठून आली, हे घेण्याआधी विचारा.